शब्दांविना स्कारबरो फेअर: बासरी आणि गिटारवर एक इंग्रजी बॅलड बसवताना

चार ओळींची एक चाल, आणि तीच चाल आठ-दहा वेळा. इंग्रजी बॅलडचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताचा, ढाचा एवढाच असतो. गाणाऱ्याचं त्यात निभून जातं, कारण दर कडव्याला गोष्ट पुढे सरकते: कुणी घोड्यावरून येतं, कुणी विष घालतं, कुणाचं प्रेत नदीकाठी सापडतं. आपण वादकांनी शब्द काढले की गोष्टही त्यांच्याबरोबर जाते आणि मागे उरते दहा वेळा वाजणारी चार ओळींची चाल. तिसऱ्या फेरीला घरातलं माणूस उठून चहाचं आधण ठेवायला जातं. माझ्या घरी हे झालेलं आहे, म्हणून सांगतो.

हा लेख अशा हौशी वादकांसाठी आहे ज्यांच्या हातात बासरी किंवा गिटार वर्ष-दोन वर्षं आहे, ज्यांना सरगम कळते, पण पाश्चात्त्य स्वरलिपी बघितली की धडकी भरते. एकच गाणं घेऊन सुरुवातीपासून रेकॉर्डिंगपर्यंत जाऊ. गाणं आहे 'स्कारबरो फेअर'. ते प्रसिद्ध आहे म्हणून घेतलं नाही. त्याची चाल सहा भोकांच्या बासरीवर आणि गिटारच्या पहिल्या चार पडद्यांत अशी बसते, की जणू मापं घेऊन शिवली आहे. ते कसं, हे पुढे येईलच.

गाण्याची ओळख करून घ्या

वाद्यावरच वाजवायचं तर शब्द कशाला वाचायचे, असं वाटेल. पण मांडणी कशी करायची हे त्या शब्दांतूनच ठरणार आहे, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

स्कारबरो हे इंग्लंडच्या यॉर्कशर भागातलं, उत्तर समुद्राच्या काठावरचं गाव. राजा तिसरा हेन्री याने १२५३ साली तिथे जत्रा भरवण्याची सनद दिली. १५ ऑगस्टपासून २९ सप्टेंबरपर्यंत, दीड महिना चालणारी ती जत्रा म्हणजे व्यापाऱ्यांचा मोठा बाजारच होता. १७८८ मध्ये ती बंद पडली. जत्रा गेली, गाणं राहिलं.

गाण्यातली गोष्टही जुन्या वळणाची आहे. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ३०५ बॅलड्सचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या क्रमांकावर 'द एल्फिन नाइट' नावाची बॅलड आहे. स्कारबरो फेअर तिच्याच कुळातलं. लोकगीतांच्या राउड सूचीत या कुळाचा क्रमांक १२. हे आकडे टिपून ठेवा. नुसतं गाण्याचं नाव शोधलंत तर हजारो कव्हर व्हिडिओ अंगावर येतील. 'चाइल्ड २' किंवा 'राउड १२' असं शोधलंत तर जुने पाठ सापडतील. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या नावाचं लोकसंगीताचं ग्रंथालय आहे. त्याची ऑनलाइन सूची या कामाला उत्तम.

आता गोष्ट. एक पुरुष जत्रेला निघालेल्या वाटसरूबरोबर जुन्या प्रेयसीला निरोप पाठवतो: माझ्यासाठी एक सदरा शिव, पण त्याला शिवण नको, सुईचा टाका नको. तो कोरड्या विहिरीत धू. हे केलंस तर तू माझी. तीही काही कमी नाही. ती उलट निरोप धाडते: खाऱ्या पाण्याच्या आणि वाळूच्या मधोमध मला एकरभर जमीन बघून दे, मेंढ्याच्या शिंगाने नांगर, मिरीच्या एका दाण्याने पेर, चामड्याच्या विळ्याने काप. मग ये सदरा न्यायला. म्हणजे अशक्याला अशक्याचं उत्तर. कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब ऐकलेल्या माणसाला हे वळण ओळखीचं वाटेल.

म्हणजे हे गाणं नुसतं हळवं प्रेमगीत नाही, तो दोघांचा सामना आहे. बहुतेक वादनांमध्ये हे ऐकूच येत नाही. धुक्याच्या फोटोवर मंद बासरी वाजत राहते, झालं. आपल्याकडे दोन वाद्यं आहेत, तेव्हा एकाला सवाल देऊ, दुसऱ्याला जबाब. सगळी मांडणी या एका खुंटीवर टांगलेली आहे.

हक्कांचं आत्ताच मिटवा

पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते. तिची विशिष्ट मांडणी मात्र असते. १९४७ साली मिडलटन-इन-टीसडेल इथल्या शिशाच्या खाणीतल्या एका निवृत्त कामगाराने हे गाणं लोकगायक इवान मॅकॉल यांना म्हणून दाखवलं. आज जगभर ऐकू येते ती चाल त्या वाटेने आली. १९६५ मध्ये इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांनी गिटारवर तिची स्वतःची मांडणी रेकॉर्ड केली आणि १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीची ध्वनिमुद्रिका आली. त्या ध्वनिमुद्रिकेत मूळ चालीच्या मागे एक दुसरी चाल आणि वेगळे शब्द गुंफलेले आहेत. तो भाग पारंपरिक नाही, त्यांचा आहे. त्यामुळे चाल घ्या, पण गिटारची ती ओळखीची छेड आणि मागची दुसरी चाल घेऊ नका. आपलं रेकॉर्डिंग कुठे टाकाल तिथे 'चाल पारंपरिक, मांडणी अमुक' असं लिहा. एखाद्या संकेतस्थळाच्या यंत्राने तरीही हक्काचा दावा चिकटवला, तर 'चाल पारंपरिक आहे, वादन माझं आहे' एवढं लिहून तो नाकारता येतो.

चाल सरगममध्ये

ही चाल ज्या स्वरसमूहात आहे त्याला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात. आपल्या हिशेबाने सा रे ग म प ध नि, त्यात ग आणि नि कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे सरळ काफी थाट. खालच्या ओळींत ग आणि नि नेहमी कोमलच वाचा. 'ऩि' म्हणजे मंद्रातला, 'सां' म्हणजे तारातला.

पहिली ओळ: सा सा प प प रे ग रे सा
दुसरी ओळ: प नि सां नि प ध म प
तिसरी ओळ: सां सां सां नि प प म ग रे ऩि
चौथी ओळ: सा प म ग रे सा ऩि सा

लय तीन-तीन मात्रांची. प्रत्येक ओळ साधारण चार बारची (एक बार म्हणजे तीन मात्रांचा एक गट) आणि शेवटचा सूर लांब. तिसऱ्या ओळीचा पहिला सां हा उचल आहे, सम त्याच्या पुढच्या सांवर. बाकीचं वजन दोन-तीन गायकांचं गाणं ऐकून कानाने धरा. गायकांगणिक ते थोडं बदलतं आणि बदलायलाच हवं.

या चार ओळी पुन्हा एकदा बघा आणि धैवत शोधा. सापडला? अख्ख्या चालीत तो एकदाच येतो, दुसऱ्या ओळीत, 'प ध म प' मध्ये. या गाण्याचा सगळा जीव त्या एका शुद्ध धैवतात आहे. तो कोमल झाला की काफीचा आसावरी थाट होतो आणि गाणं एकदम रडवं वाटायला लागतं. मी पहिल्यांदा हे बसवलं तेव्हा पंधरा दिवस कोमल धैवतच वाजवत होतो, कारण इंटरनेटवरून उतरवलेल्या कॉर्डच्या कागदात तसं होतं. शेजारचे पेटी वाजवणारे काका गॅलरीतून म्हणाले, "बाकी काफी चाललंय तुझं, मधेच आसावरी कुठून येतो रे?" त्यांना स्कारबरो कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. चूक मात्र त्यांनी अचूक पकडली.

म्हणून मांडणीचा एक नियम आत्ताच करून टाका: चालीतल्या त्या जागेखेरीज धैवत कुठेही वाजवायचा नाही. आलापात नाही, मधल्या भरणीत नाही. दर फेरीला एकदाच, त्याच्या जागी.

सा कुठे धरायचा

पांढरी तीन, म्हणजे पाश्चात्त्य ई. कारण गिटार आणि बासरी दोघांचीही सोय तिथे होते.

बासरी घ्यायची ती मात्र पांढरी पाचची, म्हणजे जीची. इथे नवखे गोंधळतात, म्हणून सावकाश सांगतो. आपण एरवी वरची तीन भोकं बंद करून सा धरतो. या गाण्यासाठी तो सा विसरायचा. पाच भोकं बंद केल्यावर येणारा सूर, जो एरवी मंद्र धैवत असतो, तो आपला नवा सा. पांढरी पाचच्या बासरीवर तो नेमका ई येतो. गंमत अशी की तिथून वर गेलं की अर्धं भोक दाबायची गरज न पडता काफी थाट आपोआप मिळतो. कोमल गंधार तीन भोकं बंद करून येतो, कोमल निषाद सहा भोकं बंद करून. आणि चालीतला सर्वांत खालचा सूर, मंद्र ऩि, हाच बासरीचाही सर्वांत खालचा सूर. वर फक्त तार सा पर्यंत जायचं. जे सप्तक-सव्वा सप्तक लागतं ते पूर्ण हातात आहे. इंग्लंड-आयर्लंडमधली सहा भोकांची टिन व्हिसल याच हिशेबाने वाजते. डीची टिन व्हिसल असेल तर बोटं अगदी हीच.

पांढरी पाचची बासरी छोटी मिळते, साधारण फूटभर, आणि मोठी मिळते, दोन फुटांच्या आसपास. छोटी टोचते, पण बोटं सहज पोचतात. मोठीचा आवाज या गाण्याला जास्त शोभतो. दुकानात फोनवरचा ट्यूनर उघडून, ए ४४० वर ठेवून, प्रत्येक भोक तपासून घ्या. विक्रेता कंटाळला तरी चालेल. फुंकर मारून बासरी आधी थोडी गरम करा. गार बासरी उतरलेली असते आणि वाजवता वाजवता चढते.

बासरीवर बोटं

बंद भोकांचे आकडे देतो. पहिली ओळ: ५ ५ १ १ १ ४ ३ ४ ५. चौथी ओळ: ५ १ २ ३ ४ ५ ६ ५. चौथीत १ पासून ६ पर्यंत एकेक बोट खाली ठेवत जायचं, बस्स. आधी ही ओळ वाजवा. पहिल्या दिवशीच हाताला बसते आणि हुरूप येतो.

दुसरी ओळ हा खरा घाट. १, मग जोराच्या फुंकरीने ६, ५, ६, मग पुन्हा साध्या फुंकरीने १, ०, २, १. पंचमावरून निषादावर जाताना एका भोकावरून थेट सहा भोकं झाकायची आणि त्याच क्षणी फुंकर बदलायची. इथे सूर फाटतो. सगळ्यांचाच फाटतो. 'प नि, प नि' एवढंच रोज पाच मिनिटं करा. बोटं आधी पडू द्यायची, फुंकर पाठोपाठ.

मग तो धैवत, म्हणजे शून्य. एकही भोक बंद नाही, सगळी बोटं हवेत. बासरी हातातून निसटेल असं वाटतं आणि त्या भीतीने माणूस सूर घाईत उरकतो. खालच्या हाताची करंगळी बासरीवर टेकवून ठेवा, दोन्ही अंगठे खालून घट्ट. धैवत पूर्ण मात्राभर ठेवा.

तिसरी ओळ: जोराने ५ ५ ५ ६, साध्या फुंकरीने १ १ २ ३ ४ ६. शेवटचा ६ म्हणजे मंद्र ऩि, तो फार हळू फुंकायचा. जोर लावलात तर वरचा निषाद वाजतो.

गिटार: कमीत कमी

लागणाऱ्या कॉर्ड चारच, आणि चारही पहिल्या महिन्यात शिकवतात: ई मायनर, डी, जी आणि ए मेजर. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) नको. दर बारला एक कॉर्ड असा हिशेब:

पहिली ओळ: ई मायनर, ई मायनर, डी, ई मायनर
दुसरी ओळ: जी, ई मायनर, ए मेजर, ई मायनर
तिसरी ओळ: ई मायनर, जी, जी, डी
चौथी ओळ: ई मायनर, डी, डी, ई मायनर

दुसऱ्या ओळीतला ए मेजर हा धैवताखाली येतो. तिथे ए मायनर वाजवलात की बासरीचा शुद्ध धैवत आणि गिटारचा कोमल धैवत एकमेकांना भिडतात, आणि ती भांडणं शेजारच्या इमारतीत ऐकू जातात. दुसरा मोह बी सेव्हनचा. चौथ्या ओळीच्या शेवटी तो घातला की 'गाणं संपलं' असं ठणकावून सांगता येतं. पण त्यात शुद्ध निषाद आहे आणि चालीत तो नाही. डीवरून ई मायनरला आलेलं पुरेसं आहे.

आता माझं मत. पहिल्या फेऱ्यांत या कॉर्डसुद्धा नकोत. या बॅलड्स गावोगावी गायल्या जात तेव्हा बहुधा साथीशिवायच गायल्या जात. शिवाय आपल्या कानाला सा-पचा षड्ज-पंचम भाव मुळातूनच ठाऊक आहे, तो वापरू या. ई मायनर धरा आणि तिसरी तार तेवढी सोडून द्या. उरतात फक्त ई आणि बी, म्हणजे सा आणि प. गिटारचा तानपुरा झाला.

यामागे कानाचं एक कारणही आहे. गिटारचा गंधार पडद्याने बांधलेला. कानाला मुरलेला, ६:५ प्रमाणातला कोमल गंधार त्याहून साधारण १६ सेंट वर असतो (पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). बासरीवाला नकळत आपल्या कानाच्या गंधाराकडे जातो, गिटार जाऊ शकत नाही. तिसरी तार गप्प ठेवली की वाद मिटला.

पेटी असेल तर तीही चालेल, फक्त सा-प धरून. इंग्लिश लोकसंगीतात वाजणारं कॉन्सर्टिना हे हातातलं छोटं भातावाद्य आणि आपली पेटी ही एकाच जातीची वाद्यं, दोन्हींत धातूच्या पट्ट्या हवेने थरथरतात. त्यामुळे पेटी इथे परकी वाटत नाही. पांढरी तीन, सा-प, भाता अगदी हलका.

फेऱ्यांचा आराखडा

पाच फेऱ्या पुरेत. अडीच-तीन मिनिटांचं वादन होतं.

पहिली फेरी बासरी एकटी. साथ नाही, ठेका नाही, मेट्रोनोमही नाही. जत्रेला निघालेल्या माणसाला थांबवून कुणी बोलतंय, तेवढंच.

दुसऱ्या फेरीत खालून सा-पची गिटार येते. बासरीची चाल तीच, पण आता लयीत. पुरुषाच्या अटी इथे सुरू होतात, म्हणून ओळींच्या शेवटचे लांब सूर थोडे कापा. मागणी करणारा माणूस रेंगाळत नाही.

तिसरी फेरी पूर्ण गिटारची. तिचा जबाब. बासरी गप्प. सगळी चाल वरच्या चार तारांवर, पहिल्या चार पडद्यांत मिळते: चौथी तार मोकळी म्हणजे ऩि, तिचा दुसरा पडदा सा, चौथा रे, तिसरी तार मोकळी ग, दुसरा पडदा म, दुसरी तार मोकळी प, दुसरा पडदा ध, तिसरा पडदा नि, पहिली तार मोकळी म्हणजे सां. मोकळ्या तारा जितक्या वाजतील तितक्या वाजू द्या, त्या एकमेकींत मिसळून घुमतात. दर बारच्या पहिल्या मात्रेला अंगठ्याने सहावी तार, म्हणजे खर्जातला सा. गिटारची चाल बासरीपेक्षा खालच्या पट्टीत पडते, त्यामुळे कानाला लगेच कळतं की बोलणारं माणूस बदललं. बाईचा आवाज खालच्या पट्टीत कसा, असा प्रश्न मला एका मित्राने विचारला. मी म्हटलं, अटी ऐक तिच्या, मग विचार.

चौथी फेरी दोघांची. इथे पहिल्यांदाच पूर्ण कॉर्ड येतात, तिसऱ्या तारेसकट. बासरी चाल घेते आणि तिच्या लांब सुरांत गिटार तीन-चार सुरांनी मधे बोलते. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीच्या शेवटच्या सा खाली 'रे ग रे सा', तिसरीच्या शेवटच्या ऩि खाली 'सा रे ऩि'. याहून लांब काही नको. दोघं भांडतायत, पण एकमेकांचं ऐकूनही घेतायत. धैवतावर ए मेजर येतो तेव्हा तीन फेऱ्या एकट्याने वाजलेला तो सूर पहिल्यांदा भरून वाजतो. आतापर्यंत धैवत राखून ठेवला असेल तर इथे ऐकणारा मान वर करतो. तुम्ही आधीच्या भरणीत तो चार ठिकाणी सांडला असेल, तर काही होत नाही. मी दोन्ही करून बघितलंय.

पाचवी फेरी पुन्हा बासरी आणि सा-प. कॉर्ड गेल्या. शेवटची ओळ सावकाश, आणि शेवटी गिटारवर फक्त ई आणि बी. गंधार नाही, त्यामुळे शेवट सुखाचा की दुःखाचा ते कळत नाही. गोष्टीतही कळत नाहीच. सदरा शिवला गेल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

प्रत्येक फेरीत चाल तंतोतंत तशीच वाजायला हवी का? नाही. संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ पासून लिंकनशरमध्ये फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर लोकगायकांना मुद्रित केलं, तेव्हा दिसून आलं की ते गायक कडव्यागणिक सूर आणि वजन थोडं बदलत असत. कागदावर एकच चाल लिहून घेणाऱ्यांच्या हातून हे निसटत होतं. तेव्हा दुसऱ्या फेरीत 'रे ग रे' ऐवजी नुसता लांब 'रे' ठेवलात, तर ते परंपरेला धरूनच आहे.

ठेक्याबद्दल थोडक्यात

तीन मात्रांचा बार म्हणजे दोन बारला एक दादरा, हिशेब बरोबर जुळतो. पण तबल्यावर 'धा धी ना धा ती ना' सुरू झालं की दोन मिनिटांत भावगीताचा कार्यक्रम होतो. ठेका हवाच असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत गिटारच्या लाकडावर पहिल्या मात्रेला बोटाने हलकी थाप द्या. मेट्रोनोम मिनिटाला ९६ ते १०० मात्रांवर ठेवा.

मींड, गमक आणि आवरता हात

हात काफीत पडला की सवयीने तो होरीकडे वळतो. ग-म वर घोळ, कोमल गंधारावर आंदोलन, पंचमावरून मींड. हे सुंदर आहे, पण इथे नको. बॅलडचा गायक गोष्ट सांगत असतो, सूर सजवत नसतो. इंग्लिश-आयरिश बासरीवादक एकच सूर दोनदा आला की मधे वरचं एक बोट क्षणभर उचलून तो तोडतात. पहिल्या ओळीतल्या 'प प प' साठी ही युक्ती शिकून घ्या: पंचमाला एकच बोट खाली असतं, तेच चटकन उचलून ठेवायचं. मात्र उघडा सूर कानाला वेगळा ऐकू येता कामा नये, नुसती चिमटी बसायला हवी. जमत नसेल तर जिभेने 'तु तु' करून तोडा.

मींड मी एकाच ठिकाणी ठेवली आहे: पाचव्या फेरीत, शेवटच्या ऩि वरून सा वर. एका मराठी माणसाने हे वाजवलं, एवढं तरी कळायला हवं.

रेकॉर्डिंग

स्टुडिओ नको. गाद्या आणि कपाटं असलेली खोली, पंखा बंद, खिडकी बंद, आणि कुकर लावायच्या आधीची वेळ. फोन चालेल, साधा यूएसबी माइक असेल तर बरं. लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट मिळतं. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट निवडा आणि सर्वांत मोठा सूर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही इतकी पातळी ठेवा.

क्रम असा: आधी पहिली फेरी, बासरी एकटी, स्वतंत्र फाइल. मग हेडफोनमध्ये मेट्रोनोम लावून गिटारच्या दुसऱ्या ते पाचव्या फेऱ्या सलग. पाचवीची शेवटची ओळ सावकाश हवी, म्हणून तिथे मेट्रोनोम बंद करा आणि मनात चाल म्हणत वाजवा. मग ती गिटार हेडफोनमध्ये ऐकत बासरी. हेडफोन एकाच कानावर ठेवा, दुसऱ्या कानाने स्वतःची बासरी ऐकू आली पाहिजे, नाहीतर ती चढते.

माइक बासरीच्या तोंडासमोर ठेवला की फुंकरीचा फुस्स आवाज सुरापेक्षा मोठा येतो. दीड फूट अंतरावर, बाजूला, मधल्या भोकांच्या रोखाने ठेवा. गिटारला माइक बाराव्या पडद्याकडे, आवाजाच्या भोकासमोर नाही, नाहीतर सहावी तार ढोलासारखी घुमते. ऑडॅसिटीत गिटार थोडी डावीकडे, बासरी थोडी उजवीकडे सरकवा, कारण सवाल-जबाब दोन बाजूंनी यायला हवेत. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, अगदी चिमूटभर. नवखे लोक आपले सूर लपवायला तो ओततात आणि मग पहिल्या फेरीचा एकटेपणा देवळाच्या गाभाऱ्यात जातो.

चूक झाली तर अख्खी फेरी पुन्हा वाजवा. एकेक सूर कापून चिकटवत बसू नका, बासरीच्या श्वासाचे सांधे ऐकू येतात. आणि शेवटचा ई-बी वाजवल्यावर लगेच थांबायचं बटण दाबू नका. हात तारांवरून उचला, श्वास धरा, तारा पूर्ण विझेपर्यंत मनात दहा मोजा, मग बटण.